गर्भपिशवीचा टीबी: निदान पक्कं कसं करून घ्यायचं आणि कोर्स कसा पार पाडायचा

लग्नाला काही वर्षं झाली, दिवस राहत नाहीत, पाळी पूर्वी चार दिवस असायची ती दीड दिवसात आटोपते, ओटीपोटात अधूनमधून ठणकतं. अशी बाई डॉक्टरांकडे गेली की तिच्या पदरात दोनपैकी एक उत्तर पडण्याची शक्यता बरीच असते. एक, ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका, वाट बघा.’ दुसरं, ‘रक्तात टीबी दिसतोय, सहा महिने गोळ्या घ्या.’ पहिल्या उत्तराने वर्षं वाया जातात आणि तेवढ्या काळात गर्भनळ्या कायमच्या बिघडू शकतात. दुसऱ्याने कधी कधी टीबी नसलेल्या बाईला यकृतावर ताण आणणारी औषधं सहा महिने घ्यावी लागतात.

हा लेख या दोन्हींच्या मधल्या वाटेबद्दल आहे. या आजाराचे उपचार ठरलेले आहेत, औषधं सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात. अडतं ते निदानाशी. आणि निदान बऱ्याच अंशी एका छोट्या गोष्टीवर अवलंबून असतं: गर्भपिशवीच्या अस्तराचा नमुना कोणत्या दिवशी घेतला आणि कशात घालून पाठवला. ही गोष्ट तुम्हाला माहीत असली, तर तुम्ही आधीच विचारू शकता. म्हणून त्या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे.

आजार नेमका काय आहे

टीबीचे जंतू श्वासातून फुप्फुसात जातात. बहुतेकांच्या शरीरात ते तिथेच दबून राहतात. काही जणींमध्ये ते रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत पोचतात, अनेकदा लहानपणी किंवा वयात येताना, आणि वर्षानुवर्षं काहीही जाणवू न देता तिथे राहतात. पुढे ते जागे झाले की संथ, चिवट सूज सुरू होते. जोरदार ताप नाही, एकदम असह्य दुखणं नाही. म्हणूनच हा आजार उशिरा सापडतो. जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये लावला, पण त्याच्या कितीतरी आधी, १७४४ मध्ये, इटलीतील शरीरशास्त्रज्ञ मोर्गान्यी यांनी एका तरुणीच्या शवविच्छेदनात गर्भाशयाच्या टीबीची नोंद केली होती.

कोणत्या अवयवाला किती वेळा लागण होते, हे लक्षात ठेवा, कारण पुढचे रिपोर्ट समजायला ते लागेल. ज्यांना हा आजार आहे अशा ९० टक्क्यांहून जास्त स्त्रियांमध्ये नळ्यांना लागण असते, बहुधा दोन्ही. अस्तराला साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त जणींमध्ये. अंडाशयाला पाचातल्या एकीला किंवा थोडं अधिक. पिशवीच्या तोंडाला फार थोड्या जणींमध्ये आणि योनिमार्गाला अगदीच क्वचित. म्हणजे नळ्या पुरत्या आजारी असूनही अस्तराचा नमुना स्वच्छ येऊ शकतो.

पायरी पहिली: संशय कधी घ्यायचा

एखाद्याच लक्षणावरून काही ठरत नाही. पण खालच्यांपैकी दोन-तीन एकत्र असतील, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ‘टीबीची शक्यता तपासायची का?’

- एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत, किंवा गर्भ नळीत राहिल्याचा इतिहास आहे.
- पाळीचं जाणं हळूहळू कमी होत गेलं, किंवा पाळी थांबली आणि हार्मोन्सचे रिपोर्ट मात्र ठीक आहेत.
- ओटीपोटातलं दुखणं महिनोन्महिने आहे, अंगावरून पांढरं जातं, नेहमीच्या अँटिबायोटिक कोर्सने तात्पुरतंच बरं वाटतं.
- संध्याकाळी कणकण, वजन घटणं, भूक मंदावणं.
- स्वतःला पूर्वी टीबी झाला होता, किंवा घरात, माहेरी किंवा सासरी, कुणाला झाला होता.
- पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा अंगावर जाऊ लागलं. इथे कॅन्सर आधी तपासतात आणि तेच बरोबर आहे, पण त्याच तुकड्यात टीबीही बघता येतो.

काही जणींना यातलं काहीच नसतं. मूल होत नाही म्हणून तपासण्या केल्या, तेव्हाच कळतं.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर व्हायला हवी: नवऱ्याच्या वीर्याची तपासणी. बाईच्या पोटात नळ्या घालून झाल्या, दुर्बीण झाली आणि त्यानंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की कपात दिलेल्या साध्या नमुन्याची तपासणी राहूनच गेली, असं होऊ देऊ नका.

पायरी दुसरी: पहिल्या भेटीला काय न्यायचं

मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा आणि साधारण किती पॅड लागले, हे एका कागदावर लिहा. जुने सोनोग्राफी रिपोर्ट, पूर्वी क्युरेटिंग (पिशवी आतून खरवडणं) किंवा गर्भपात झाला असल्यास त्याचे कागद, आणि घरात कुणाला टीबी झाला होता, कधी, कोर्स पूर्ण केला का, ही माहिती. सासूबाई किंवा आई सोबत असताना हे बोलायला संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांना सरळ सांगा, ‘मला पाच मिनिटं एकटीला बोलायचंय.’ याला कुणी नाही म्हणत नाही.

पहिल्या फेरीत छातीचा एक्स-रे, रक्तातली साखर, एचआयव्ही, हिमोग्लोबिन आणि पोटाची, शक्यतो योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी होते. एक्स-रे साफ आला म्हणून हा टीबी नाही असं ठरत नाही. बऱ्याच जणींचा एक्स-रे साफच असतो. पण फुप्फुसातही टीबी असेल तर तो आधी कळणं गरजेचं, कारण तोच खोकल्यातून दुसऱ्यांना लागतो.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल थोडं परखड लिहितो. टीबीच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या रक्ततपासण्यांवर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. कुणी त्या सुचवल्या तर पैसे देऊ नका. मांटू म्हणजे हातावरची सुई आणि इग्रा ही महागडी रक्ततपासणी, या दोन्ही एवढंच सांगतात की शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे. जगातल्या साधारण चौथ्या भागाच्या लोकांची ती पडलेली असते. आज गर्भपिशवीत आजार आहे का, याचं उत्तर त्या देत नाहीत. नुसत्या अशा रिपोर्टवर सहा महिन्यांचा कोर्स लिहून मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

पायरी तिसरी: अस्तराचा नमुना

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच.

दिवस कोणता? पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यात, जितकं शेवटाकडे तितकं बरं. कारण अस्तर दर महिन्याला गळून पडतं आणि नव्याने तयार होतं. टीबीच्या सूक्ष्म गाठी, म्हणजे रिपोर्टमध्ये ज्याला ग्रॅन्युलोमा लिहितात त्या, तयार व्हायला वेळ लागतो. पाळीनंतर लगेच नमुना घेतला तर त्या अजून झालेल्याच नसतात आणि रिपोर्ट खोटाच निर्धास्त करतो. पाळी बंदच असेल तर दिवस पाहावा लागत नाही.

त्यातून एक अडचण उभी राहते. पाळीच्या आधीच्या या दिवसांत गर्भ राहिलेला असू शकतो. म्हणून त्या महिन्यात निरोध वापरा आणि नमुना घेण्याआधी लघवीची गर्भचाचणी करून घ्या.

नमुना बारीक नळीने ओढून घेता येतो. त्याला भूल लागत नाही. पाळीत येते तशी, पण जरा तीव्र कळ काही मिनिटं येते. दुसरा मार्ग क्युरेटिंगचा. टीबीने आधीच पातळ झालेलं अस्तर जोराने खरवडलं तर आत पदर चिकटण्याचा धोका वाढतो. म्हणून ‘नळीने होईल का?’ हे विचारा. पिशवीत दुर्बीण घालून संशयास्पद जागेचाच तुकडा घेणं हाही चांगला पर्याय आहे.

आता बाटल्या. तुकड्याचे दोन भाग व्हायला हवेत. एक फॉर्मॅलिनमध्ये, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. दुसरा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये. तो सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (यंत्रात जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासण्या) आणि कल्चरसाठी (लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्यासाठी). फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. सगळा तुकडा त्यातच टाकला, तर कल्चर होऊच शकत नाही आणि पुन्हा सगळं करावं लागतं. हे गर्दीच्या ओपीडीत सहज घडतं. म्हणून टेबलावर जाण्याआधी सिस्टरना नम्रपणे विचारा: ‘एक बाटली सलाइनची आहे ना? कल्चर आणि सीबीनॅट दोन्ही लिहिलंय ना?’ नमुना तुम्हालाच लॅबमध्ये पोचवायला सांगितला, तर तो त्याच दिवशी पोचवा आणि उन्हात ठेवू नका.

सीबीनॅटचं उत्तर यंत्रातून दोनेक तासांत मिळतं आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही कळतं. ट्रूनॅट हे त्याच जातीचं, बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र; ते गोव्याच्या कंपनीने तयार केलेलं आहे आणि लहान केंद्रांवरही बसवता येतं. कल्चरला मात्र सहा आठवड्यांपर्यंत धीर धरावा लागतो. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात या तपासण्यांची सोय असते. नमुना खासगी दवाखान्यात घेतला असला तरी तो सरकारी यंत्रणेत मोफत तपासून घेता येतो का, याची चौकशी जिल्हा क्षयरोग केंद्रात करा.

पायरी चौथी: रिपोर्ट वाचणं

या आजारात जंतू फार थोडे असतात. त्यामुळे सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं तर ते बहुधा खरं, पण निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. कल्चरचंही तेच.

ग्रॅन्युलोमा दिसले, किंवा कल्चर अथवा सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं, तर निदान पुरेसं पक्कं मानून कोर्स सुरू होतो. खासगी लॅबची नुसती साधी पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आणि बाकी सगळं स्वच्छ, अशा वेळी मात्र घाई नको. ही तपासणी मेलेल्या जंतूंच्या अवशेषांनाही दाद देते. तिला दुसऱ्या कशाचा तरी आधार हवा.

तो आधार दुर्बिणीतून मिळू शकतो. पोटातून दुर्बीण घातल्यावर नळ्यांवरचे बारीक पांढरे दाणे, फुगलेल्या नळ्या, आतड्यांना चिकटलेले पदर दिसतात आणि तिथूनच तुकडाही घेता येतो. लक्षणं ठळक आहेत पण अस्तरात काही सापडत नाही, अशा बाईला दुर्बिणीची तपासणी सुचवली तर ती वायफळ खर्च समजू नका. नळ्या आजारी आणि अस्तर चांगलं, हे वर आलंच आहे.

नळ्यांचा एक्स-रे, एचएसजी, हा पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत करतात, म्हणजे नमुन्याच्या अगदी उलट. दोन्ही तारखांची गल्लत होऊ देऊ नका. त्यात नळी मण्यांच्या माळेसारखी तुटक किंवा शिशाच्या पाइपासारखी ताठ दिसली की डॉक्टरांचा संशय बळावतो. पण टीबी पक्का झालेला असताना किंवा ओटीपोटात सूज भरात असताना एचएसजी टाळतात, कारण दाबाने सोडलेल्या औषधाबरोबर संसर्ग पसरू शकतो.

अंडाशयाजवळ गाठ, पोटात पाणी आणि रक्तात सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरच्या संशयात मोजतात तो घटक) वाढलेलं, असं चित्र दिसलं की घरात कॅन्सर हा शब्द शिरतो आणि सगळे हादरतात. सीए-१२५ टीबीतही वाढतं, आणि कधी कधी खूप. विशेषतः बाई तरुण असेल, सोबत ताप किंवा वजन घटणं असेल, तर गर्भपिशवी आणि अंडाशय काढण्याचं मोठं ऑपरेशन ठरवण्याआधी पोटातलं पाणी आणि गाठीचा तुकडा टीबीसाठी तपासला आहे का, हे विचारणं तुमचा हक्क आहे. ज्या बाईला सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरं वाटलं असतं, तिचे अवयव जाणं यासारखं वाईट नाही. कॅन्सर असेलच तर या विचारण्याने फार वेळ जात नाही.

पायरी पाचवी: कोर्स

फुप्फुसाच्या टीबीला जो कोर्स देतात तोच: पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल; पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून बाकी तीन. सगळी औषधं एकत्र असलेली गोळी येते आणि रोज किती गोळ्या ते वजनावर ठरतं. म्हणून पहिल्या दिवशी वजन करून घ्या, आणि नंतर वजनात बराच फरक पडला तर सांगा. जंतू औषधांना दाद देत नसतील तर कोर्स वेगळा आणि लांब असतो.

नोंदणी न चुकता करा. डॉक्टर खासगी असले तरी टीबीच्या रुग्णाची नोंद सरकारकडे करणं त्यांना बंधनकारक आहे. निक्षय क्रमांक (सरकारी टीबी नोंदणीचा क्रमांक) मिळाला की औषधं मोफत मिळू शकतात, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये बँक खात्यात येतात. ही रक्कम आधी ५०० होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती वाढवली. खातं बाईच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं असावं. अडचण आली तर सरकारी हेल्पलाइन १८००-११-६६६६ वर फोन करा, किंवा आशाताईंना गाठा.

गोळ्या सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या चांगल्या. फारच मळमळत असेल तर स्वतःहून सोडू नका, वेळ बदलता येते. लघवी नारिंगी-लाल होईल. ते रिफॅम्पिसिनमुळे, रक्त नाही. बी-६ जीवनसत्त्वाची गोळी सोबत देतात, हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून.

डोळे पिवळे दिसणं, सतत उलट्या, अन्नावरची वासना पूर्ण उडणं, यातलं काही झालं तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धूसर दिसू लागलं किंवा लाल-हिरवा रंग ओळखता येईना, तरीही तसंच. या काळात दारू नको, आणि कुणी आणून दिलेला यकृतासाठीचा काढा किंवा ‘गर्भपिशवी साफ करणारी’ पावडरही नको. यकृतावर आधीच भार आहे.

कोर्स चालू असताना गर्भ टाळायचा असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका. रिफॅम्पिसिन त्यांचा परिणाम कमी करतं. ओटीपोटाच्या टीबीत तांबी बसवत नाहीत. म्हणून निरोध सोयीचा. थायरॉइड किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोसही बदलावा लागू शकतो, आधी सांगा. चुकून दिवस राहिलेच तर घाबरून गोळ्या बंद करू नका. ही चारही औषधं गरोदरपणात देतात. टाळतात ते स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन.

दोन-तीन महिन्यांत भूक सुधारते, दुखणं ओसरतं, आणि मग ‘आता बरं आहे’ म्हणून गोळ्या सुटतात. अशा अर्धवट कोर्समधून औषधांना दाद न देणारा टीबी जन्माला येतो.

घरच्यांशी बोलताना एवढं पुरेसं आहे: ‘आई, हा टीबी पोटातला आहे. छातीचा एक्स-रे साफ आलाय, माझं ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. गोळ्या सहा महिने आहेत.’ फुप्फुसात आजार नसेल तर तो स्वयंपाकातून, कपड्यांतून, लहान मुलाला जवळ घेतल्याने पसरत नाही. शारीरिक संबंधातून लागण झाल्याची उदाहरणं फार विरळ आहेत. आणि हा आजार कुणाच्या वागणुकीतून येत नाही, हेही घरात स्पष्टपणे बोललं गेलं पाहिजे.

पायरी सहावी: मूल हवं असेल तर

औषधं जंतू मारतात. चिकटलेल्या नळ्या मात्र ती मोकळ्या करत नाहीत. आजार लवकर सापडला, नळ्या आणि अस्तर फार बिघडलेलं नसलं, तर कोर्सनंतर आपसूक दिवस राहतातही. उशीर झाला असेल तर शक्यता कमी होते. हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, नाहीतर सहा महिन्यांनंतरची निराशा फार जड जाते.

कोर्स संपल्यावर नळ्या आणि पिशवीचं आतलं चित्र पुन्हा बघून घ्या. टीबीने बंद पडलेल्या नळ्या ऑपरेशनने उघडण्याचा सहसा उपयोग होत नाही, उलट गर्भ नळीत राहण्याचा धोका वाढतो. नळ्या निकामी पण अस्तर चांगलं असेल तर आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबी) हाच खरा मार्ग. नळीत पाणी भरून ती फुगली असेल तर ती आधी काढतात किंवा बांधतात, कारण ते पाणी पिशवीत उतरून गर्भ रुजू देत नाही. पिशवीत पदर चिकटले असतील तर ते दुर्बिणीतून सोडवता येतात, पण अस्तर पुन्हा पुरेसं जाड होईलच असं नाही. अस्तर पूर्ण गेलं असेल तर पुन्हा पुन्हा आयव्हीएफचा खर्च करण्याआधी सरोगसी किंवा दत्तक यांचा विचार नवरा-बायकोने मिळून करावा. सरोगसीवर २०२१ चा कायदा लागू आहे, पैसे देऊन ती करता येत नाही.

दिवस राहिले तर सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी हवीच, गर्भ पिशवीत आहे ना ते बघायला. त्याआधी एका बाजूला तीव्र दुखलं, चक्कर आली, खांदा दुखू लागला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

बाळंतपणाच्या डॉक्टरांना आणि बाळाच्या डॉक्टरांना, दोघांनाही हा इतिहास सांगा. गर्भ राहण्याआधीच कोर्स पूर्ण झाला असेल तर बाळाला नेहमीप्रमाणे बीसीजी ही टीबीची लस देतात, वेगळं काही करावं लागत नाही. टीबी गरोदरपणात किंवा बाळंतपणाच्या वेळी सापडला असेल, तर वार तपासायला पाठवतात, बाळालाही टीबीसाठी तपासतात आणि बीसीजी कधी द्यायचं ते त्यानंतर ठरवतात. आईच्या गोळ्या चालू असल्या तरी अंगावरचं दूध बंद करायचं नसतं.